१९७८ ची पद्मिनी, पुढचे डिस्क ब्रेक आणि मागचे कमानपाटे

गाडीचे ब्रेक बदलायचे असे मी ठरवले ते कन्नडच्या घाटात नव्हे, तर घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केल्यानंतर. एप्रिल २०२२ मधली दुपारची वेळ होती. घाटाच्या शेवटच्या दोन वळणांवर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले होते, आणि पायथ्याच्या सरळ रस्त्यावर आल्यावर तर ते जवळजवळ तळाला टेकून मग कुठे गाडी मंदावत होती. जळक्या लायनिंगचा, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तराचा, वास आत भरला होता. मी पाण्याची बाटली घेऊन पुढच्या चाकावर रिकामी करायला निघालो, तेवढ्यात शेजारी चहा पीत बसलेल्या एका ट्रकचालकाने माझा हात धरला. "ड्रम तडकेल, सर. बिडाचा असतो. नुसता उभा राहू द्या." बाटलीतले चार थेंब चाकावर उडाले होते, ते टायरपर्यंत ओघळण्याआधीच वाफ होऊन गेले.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे त्या वाफेचा हिशेब केल्याशिवाय मला चहा गेला नाही. गाडी, तीन माणसे आणि सामान मिळून सुमारे ११०० किलो वजन धरले आणि उतार ३०० मीटरचा धरला, तर घाट उतरताना सुमारे ३२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. दहा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास एवढी ऊर्जा पुरते. तिचा काही भाग इंजिन आणि वारा घेतात, उरलेला चार ड्रम. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो आतून त्याला दाबणाऱ्या, लायनिंग लावलेल्या शूजपासून लांब जातो आणि पेडल खोल जाते. लायनिंग तापले की त्याची पकड कमी होते. आणि ही सारी उष्णता एका बंद डब्यात कोंडलेली असते. डिस्क ब्रेकमध्ये तबकडी उघड्या वाऱ्यावर फिरते, आणि तापून तिची जाडी वाढलीच तर ती तिला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडच्या दिशेनेच वाढते. हे मी वर्गात शिकवले नव्हते असे नाही, पण स्वतःच्या तळपायाखाली ते कधी अनुभवले नव्हते.

ही गाडी माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, नंबर लावून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून १९७८ मध्ये घेतली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट तयार होत असे, तिचेच नाव १९७४ पासून पद्मिनी झाले. आमच्याकडे मात्र तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे, म्हणजे एकावर एक बसवलेले वाकवलेले पोलादी पाटे, आणि चारही चाकांना ड्रम. त्या काळच्या रस्त्यांवर आणि त्या काळच्या वेगाला ते पुरेसे होते. ज्या घाटाला कागदोपत्री औट्रम घाट म्हणतात, तो जेम्स औट्रम याच्या नावाचा आहे. खानदेशात १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा हा इंग्रज अधिकारी घोड्यावरून फिरत असे, आणि घोड्याला उतारावर ब्रेक लागत नाही. आमच्या फियाटला मात्र लागतो, आणि मुलगी संभाजीनगरला दिल्यापासून तो महिन्यातून दोनदा लागतो.

धुळ्यात एक जुने गॅरेज आहे. तिथले मिस्त्री आता सत्तरीचे आहेत आणि सारे त्यांना नाना म्हणतात. अण्णांच्या काळापासून गाडी त्यांच्याकडेच जाते. मी डिस्क ब्रेकची कल्पना मांडली तेव्हा ते हसले नाहीत आणि होही म्हणाले नाहीत. अहिराणीत एवढेच म्हणाले, "सर, गाडी ते बठ्ठासनी पयस. थांबस कोनी, ते सांगा." गाडी तर सगळ्यांचीच पळते, थांबते कोणाची ते सांगा. मग त्यांनी गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली, चारही चाके काढली, आणि काय बदलायचे ते ठरवण्याआधी काय मोडले आहे ते पाहू, असे सांगून मला स्टुलावर बसवले.

त्या दिवशी जे दिसले त्याने माझा अर्धा उत्साह मावळला. पुढचा डावा ड्रम गोल राहिलेला नव्हता. डायल गेज लावून फिरवला तेव्हा काटा अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास झुलत होता. मागच्या उजव्या चाकाचे सिलिंडर पाझरून लायनिंग तेलकट झाले होते. रबरी होस बाहेरून धडधाकट दिसत होते, पण एक कापून पाहिला तर आतले छिद्र फुगून सुईएवढे उरले होते. ब्रेक ऑइल चहासारखे काळे होते. किंगपिनमध्ये, म्हणजे ज्या खिळ्यावर पुढचे चाक वळते त्यात, एवढा खुळखुळा होता की चाक वर-खाली धरून हलवले की टकटक ऐकू येई. सस्पेन्शनच्या आर्म्सची रबरी बुशे सुपारीसारखी कडक झाली होती. कॉइल स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कोणीतरी, बहुधा मीच दहा वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून, रबरी बफर ठोकलेले होते. आणि मागच्या डाव्या कमानीतला तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटून दोन तुकडे होऊनही इतर पाट्यांच्या दाबाखाली जागच्या जागी बसून होता. ज्याला मी फियाटचा मूळ दोष समजत होतो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग माझ्या हयगयीचा होता. जुनी गाडी सुधारायला निघालेल्या प्रत्येकाने हा स्टुलावरचा दिवस आधी काढावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते, कारण तुटक्या पाट्यावर महागडा शॉकअप बसवणारे लोक मी नंतर पाहिले.

नानांचे मत असे पडले की ड्रम टर्निंग करून घ्यावेत, नवी लायनिंग रिव्हेट करावी, सिलिंडरांचे किट बदलावे आणि गाडी घरी न्यावी. धुळे-जळगाव सपाटीसाठी ते खरेही होते. पण मला मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात कन्नडचा घाट उतरायचा होता, आणि त्याबाबत मी मागे हटलो नाही. शेवटी आमच्यात असे ठरले की पुढे डिस्क, मागे मूळचेच ड्रम नीट करून; आणि चेसिसला किंवा बॉडीला कुठेही वेल्डिंगचा एक टाकाही लावायचा नाही, जे काही बसेल ते बोल्टांवर बसेल आणि बोल्ट सोडून काढता येईल.

या अटीमागे कायदा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा लागतो. आमच्या गाडीला २०२८ मध्ये ५० वर्षे होतील. त्यामुळे काढलेला प्रत्येक मूळ भाग, ड्रमच्या बॅकप्लेटपर्यंत, तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून मी घरातल्या लोखंडी पेटीत ठेवला आहे. परिवहन कार्यालयात जाऊन मी काय करणार आहे ते आधी सांगितले आणि विमा कंपनीलाही लेखी कळवले. हे दोन्ही करायला लाज वाटण्याचे कारण नाही. अपघातानंतर सांगण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे आहे.

भागांसाठी मला पुन्हा कुर्ल्यालाच जावे लागले. त्याच प्रीमियर कंपनीने १९८५ पासून काढलेल्या ११८ एनई या गाडीला, जी मुळात फियाट १२४ होती, पुढे डिस्क ब्रेक होते. त्या गाडीची चाके १३ इंची आणि आमची १४ इंची, म्हणजे तिचा कॅलिपर, डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, आमच्या चाकाच्या आत सहज मावणार होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भंगार बाजारात मी दोन दिवस फिरलो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागू झाल्यावर हजारो काळ्या-पिवळ्या फियाट तुटल्या, त्यामुळे आमच्या गाडीचे दरवाजे, दिवे, कमानी असे हवे ते तिथे ढिगाने पडलेले असते. ११८ एनईचे भाग मात्र शोधावे लागतात. एका दुकानात कॅलिपरची जोडी मिळाली. ती घेऊन मी रात्रीच्या गाडीने परत आलो, नानांच्या बाकावर मांडली, आणि त्यांनी दोन मिनिटांत सांगितले की हे दोन्ही कॅलिपर डाव्या बाजूचे आहेत. दिसायला दोन्ही सारखेच असतात. फरक असतो तो हवा काढायच्या निपलच्या जागेचा. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला की निपल खाली येते, हवा मात्र वर साचते, आणि मग कितीही वेळा ब्रेक 'एअर' केला तरी पेडल स्पंजासारखेच राहते. मी पुन्हा कुर्ल्याला गेलो. दुकानदाराने कॅलिपर बदलून दिला, पण पैसे पुन्हा घेऊन.

डिस्क आणि पॅड नवे घेतले. कॅलिपरचे पिस्टन काढून पाहिले, त्यांतल्या एकावर गंजाचे खड्डे होते. असा पिस्टन पॉलिश करून वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्या खड्ड्याच्या कडा नवे सील महिनाभरात कापतात. तो बदलला, सील किट नवे टाकले.

कॅलिपर आमच्या गाडीवर धरायला मध्ये एक जाड पट्टी लागते, जी ड्रमची बॅकप्लेट जिथे बसत होती त्याच बोल्टांवर बसेल आणि कॅलिपरला त्याच्या नेमक्या जागी धरील. मी ती आधी पुठ्ठ्याची कापली, मग प्लायवुडची, आणि ती चाकासकट फिरवून पाहिल्यावरच जळगावच्या एमआयडीसीत १२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून कापून घेतली. डिस्कची भोके आमच्या हबशी, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तुंब्याशी, जुळत नव्हती, म्हणून मध्ये एक लोखंडी कडे लेथवर उतरवावे लागले. हे कडे हबच्या मधल्या गोलावर घट्ट बसले पाहिजे, नुसते बोल्टांच्या भरवशावर नको, नाहीतर डिस्क केंद्र सोडून फिरते आणि पेडल पायाखाली नाचते. लेथवाल्याने पहिले कडे केसभर सैल केले होते. "एवढं चालतं" असे तो म्हणाला. ते चालले नाही, गेजवर दिसले, आणि दुसरे करावे लागले.

यापुढचा घोळ माझ्या काटकसरीमुळे झाला. पैसे वाचवायला मी जुनाच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा, ठेवला. गाडी जमिनीवर आली, ब्रेक लागले, पेडल जरा खोल होते पण धरत होते, आणि मी आनंदाने साक्रीच्या रस्त्याने दहा किलोमीटर जाऊन आलो. परत येताना गाडी ओढल्यासारखी चालत होती. गॅरेजात शिरताच नानांनी पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि मागे घेतला. "चाक तापी ऱ्हायनं, सर. ब्रेक सुटेल नही." त्यांनी कॅलिपरचे निपल पाव फेरा सैल केले. ऑइलची एक बारीक धार फुस्सकन बाहेर उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळे झाले. म्हणजे पेडल सोडल्यावरही पाइपात दाब उरत होता.

कारण शोधायला रात्र गेली. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पेडल सोडल्यावरही पाइपात थोडा दाब, सुमारे १० पीएसआय, राखून ठेवतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरांची रबरे कडेला दाबलेली राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममध्ये शूजना मागे ओढणाऱ्या जोरदार स्प्रिंगा असतात, म्हणून तिथे या दाबाने बिघडत नाही. डिस्कच्या पॅडला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. सीलच्या लवचिकपणाने पिस्टन केसभर मागे येतो तेवढाच. तेवढ्या दाबानेही पॅड घासत राहतात.

पेडल खोल का जात होते, तेही त्याच रात्री उमगले. ड्रमच्या चाकातल्या एक इंच व्यासाच्या सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस मिलिमीटर भरते, आणि या कॅलिपरच्या ४८ मिलिमीटर पिस्टनचे १८१० चौरस मिलिमीटर, म्हणजे साडेतीन पट. तेवढा पिस्टन हलवायला ऑइलही जास्त लागते. त्यात ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतो, हा फायदा डिस्कला नाही. तिला दाब जास्त द्यावा लागतो. म्हणजे मोठा मास्टर सिलिंडर हवा, आणि तो मोठा झाला की पाय जड होतो, म्हणून पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर हवा. मी एक वस्तू बदलायला निघालो होतो आणि तीन बदलून बसलो.

टँडेम, म्हणजे दोन कप्प्यांचा, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर एका नव्या काळातल्या छोट्या गाडीचे घेतले. जागा करण्यात एक आठवडा गेला, त्यात सांगण्यासारखे काही नाही. टँडेमचा मोठा लाभ असा की पुढच्या आणि मागच्या ब्रेकची वाट वेगळी होते. पूर्वी एक होस फुटला तर चारही ब्रेक जात होते. पाइप सारे नवे टाकले, ऑइल डॉट ४ दर्जाचे भरले. डॉट ३ चा कोरडा उत्कलनांक निदान २०५ अंश असावा लागतो आणि डॉट ४ चा २३०; हवेतला ओलावा शोषल्यावर तेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. माझे चहासारखे काळे ऑइल घाटात कुठे उकळले असेल, त्याचा अंदाज यावरून यावा.

हवा काढण्याचे काम नानांच्या नातवाने आणि मी केले. तो दहावीत आहे. तो ड्रायव्हरच्या जागेवर, मी जमिनीवर चाकापाशी, हातात पाना, निपलवर पारदर्शक नळी, नळीचे टोक काचेच्या बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेले. मी म्हणायचे "दाब", त्याने दाबून "दाबलं" म्हणायचे, मी निपल सोडायचे, बुडबुडे बाटलीत येऊन फुटायचे, मी निपल आवळायचे आणि मग म्हणायचे "सोड". सर्वांत लांबच्या मागच्या चाकापासून सुरुवात. एकदा त्याने मी आवळण्याआधीच पाय काढला, नळीतले बुडबुडे उलटे आत गेले, आणि ते चाक पहिल्यापासून करावे लागले. चौथ्या चाकाला बुडबुडा येईना तेव्हा त्याने पेडल दाबले आणि म्हणाला, "सर, आता दगडासारखं लागतंय."

सस्पेन्शनच्या बाबतीत मला जे सल्ले मिळाले ते बहुतेक सारे गाडी कडक करण्याचे होते. धुळ्याजवळ महामार्गावर कमानपाट्यांचे दुकान आहे, तिथे रात्रंदिवस ट्रकचे काम चालते. तिथल्या मिस्त्रींनी आमच्या कमानी पाहून लगेच सांगितले, "एक पाटा वाढवून टाकतो, गाडी परत बसणार नाही." गाडी बसणार नाही हे खरे, पण उठणारही नाही, रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या माणसाचे डोके छताला लागेल. मी तुटका पाटा त्याच जाडीचा बदलून घेतला, बाकीच्यांना मूळ बाक देऊन पुन्हा पाणी देऊन घेतले, शॅकलची बुशे बदलली. काम बरोबर झाले की नाही हे पाहायला नानांच्या गोठ्यातून सरकीच्या पेंडीच्या ५० किलोच्या दोन गोण्या उसन्या आणल्या. त्या डिकीत ठेवल्यावर गाडी मागून किती खाली जाते ते मोजायचे. आधी, तुटक्या पाट्यासकट, गाडी ३५ मिलिमीटर दबत होती. कमानी परत आल्यावर २५ मिलिमीटर. एक पाटा वाढवला असता तर किती, तेही त्याच दुकानात एका रात्रीपुरता पाटा घालून मोजले: १८. दुकानदाराला माझ्या डोक्याची शंका आली असावी, पण पाटा काढून त्याने दिला.

पुढचे कॉइल काढणे हे या साऱ्या कामातले सर्वांत धोक्याचे काम आहे, आणि ते घरी कोणी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणूस पाहत नाही. नानांनी स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावूनही वर साखळीचे दोन वेढे घातले होते आणि नातवाला बाहेर पाठवले होते. रबरी बफर काढून फेकले. स्प्रिंगा मोजल्या, त्या आठ मिलिमीटर बसल्या होत्या, म्हणून मूळ तारेच्याच जाडीच्या नव्या करून घेतल्या. इथेही एकाने एक मिलिमीटर जाड तार सुचवली होती. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण कॉइलचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ ची तार १३ ची केली की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. आपल्या रस्त्यांवर चाक खड्ड्यात उतरून परत वर आले पाहिजे, आणि ते करायला स्प्रिंग मऊच हवी. तिचे हेलकावे थांबवणे हे शॉकअपचे काम आहे. म्हणून खर्च मी शॉकअपवर केला. चारही गॅस भरलेले घेतले, कारण साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये सतत खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि मग ते पंपासारखे नुसते वर-खाली होतात. किंगपिन नवे बसवले, बुशे रीमरने नेमकी केली, मग अलाइनमेंट.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका पहाटे रिकाम्या सर्व्हिस रोडवर आम्ही चाचणी घेतली. कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती फक्की घेऊन रस्त्यावर आडवी रेघ मारली, शेत मोजायची टेप आणली. ५० च्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक. काम सुरू करण्याआधी त्याच रस्त्यावर गाडी २३ मीटरवर थांबली होती, तीही डावीकडे ओढत. आता १५ मीटर. पण पहिल्याच खेपेला मागची चाके आधी घसटली आणि गाडीचे शेपूट हातभर उजवीकडे गेले. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात, आणि बूस्टरचा जोर त्यांना सोसत नाही. मागच्या पाइपात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळत गेलो, तेव्हा सातव्या खेपेला पुढची चाके आधी आणि मागची नंतर अशी क्रमवारी जमली. अंतर १५ मीटरच राहिले. गाडी मात्र रेघेला काटकोनात थांबली. नानांनी टायरच्या चारही काळ्या खुणांवरून चालत जाऊन त्या पाहिल्या आणि तंबाखू मळायला घेतली.

सगळा खर्च ७८ हजार रुपये झाला, आणि गाडी विकायला काढली तर त्यातले किती परत येतील हे मी कोणाला विचारलेले नाही.

मे महिन्यात मी घाट उतरलो. त्या वेळी अवजड वाहनेही याच वाटेने जात होती. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ती ऑगस्टमध्ये बंद झाली. मी मुद्दाम पेंडीच्या दोन्ही गोण्या डिकीत ठेवल्या होत्या. दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे, पाय अधूनमधूनच पेडलवर. नवे ब्रेक आले म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचे, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पेडल वर जिथे होते, तिथेच खाली होते. थोडा वास आला, नव्या पॅडचा असावा. हळू वेगात पुढची डावी डिस्क कुंई करते, ते अजून गेलेले नाही.

त्याच टपरीपाशी गाडी उभी केली, दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरून पाहिला आणि नानांना फोन लावला. त्यांनी विचारले, डावे जास्त तापले की उजवे. मी म्हटले, सारखीच तापली आहेत, हात जवळ धरवतो. पलीकडे क्षणभर काही आवाज नव्हता, मागे म्हैस ओरडल्याचे तेवढे ऐकू आले.

"मंग मन्या पेंडन्या गोन्या कव्हय आनतस, सर?"